ऊसतोडीचा मजूर आणि कायद्याची वेस

शेतीच्या कामासाठी परमुलखातून येणाऱ्या मजुरांस आत घ्यावे की न घ्यावे, घेतल्यास किती दिवस राहू द्यावे, आणि काम सरल्यावर ते आपल्या पायांनी परत न गेल्यास काय करावे, हा वाद अमेरिकेत जवळजवळ शंभर वर्षे चालला आहे. आमच्याकडील सुशिक्षित घरांतून तो मोठ्या चवीने वाचला जातो. आणि ते स्वाभाविकही आहे. पुष्कळांची मुलेबाळे त्याच देशात परवान्यावर राहतात, आणि तेथील कायद्याचा एखादा शब्द फिरला की इकडे पुण्यास नि नाशकास झोप उडते. परंतु शेतमजुराच्या स्थलांतराचा प्रश्न हा परक्यांच्या घरचा प्रश्न आहे अशी जी आपली समजूत झाली आहे, ती आम्हांस मोठी चमत्कारिक वाटते. गोदावरी व प्रवरा यांच्या कालव्यांखालील मुलखात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागात, आणि त्यातही श्रीरामपूरच्या पंचक्रोशीत, हा प्रश्न कालव्याच्या पाण्याबरोबर आला आणि पाण्याबरोबरच मुरला. त्यास आपण 'स्थलांतर-धोरण' असे भारदस्त नाव दिले नाही, एवढेच.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ह्या वादात सर्वांचे डोळे सीमेवर खिळलेले असतात; मजुरास आत येऊ द्यावे की नाही, हीच जणू सारी मेख. इतिहास पाहू गेल्यास मात्र असे दिसते की, मजूर हवा असला म्हणजे सीमा कोणीही अडवीत नाही. खरी वेस निराळ्याच ठिकाणी घातलेली असते. आलेल्या मजुरास काम अर्ध्यावर सोडून जाता येते की नाही, आणि काम संपल्यावर त्यास तेथेच राहता येते की नाही, ह्या दोन प्रश्नांच्या उत्तरांत ती असते. ही वेस आमच्या मुलखात कशी घातली गेली, ती सरकारने केव्हा उचलली आणि सरकारने उचलल्यावर ती दुसऱ्या कोणी पुनः कशी उभारली, हे पाहण्यासारखे आहे.

श्रीरामपूर हे जुने गाव नव्हे. जुने गाव बेलापूर, प्रवरेच्या काठचे. त्या गावाच्या नावाने 'बेलापूर रोड' असे एक स्थानक धोंड-मनमाड लोहमार्गावर झाले, आणि त्या स्थानकाभोवती पेठ वसून आजचे शहर वाढले. हा लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. त्याच्या मातीकामावर १८७६-७७ च्या दुष्काळातील मजूर राबले होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारण मजुरास घरापासून दूर नेण्याच्या सरकारी धोरणाचा पहिला पाठ ह्या दुष्काळाने दिला. जो आपला गाव सोडून दूरच्या कामावर जावयास तयार होईल तोच खरा गरजू, अशी एक 'अंतराची कसोटी' त्या वेळी लावण्यात आली. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल ह्यांनी दुष्काळी कामावरील मजुरी कमी करून माणशी एक रत्तल धान्याच्या हिशेबावर आणली, तेव्हा हजारो मजूर कामे सोडून निघाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. उपाशी माणसाने काम सोडणे हा निषेध असू शकतो, हे त्या काळच्या अधिकाऱ्यांस खरे वाटेना. सभेच्या मंडळींस ते वाटले, ही गोष्ट गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पदरी जमा केली पाहिजे.

पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ आला. १८९१ ते १९०१ ह्या दहा वर्षांत नगर जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी सुमारे सहा टक्क्यांनी घटली आणि १९०१ च्या खानेसुमारीत ती ८,३७,६९५ भरली. किती मेले आणि किती मुलूख सोडून गेले, हे त्या आकड्यावरून उलगडत नाही. जाणाऱ्यांपैकी बहुतेक जवळपास काम मिळेल तेथे गेले असणार. समुद्रापार जाण्याचीही एक वाट पूर्वीपासून होती. १८३४ पासून मॉरिशस बेटात उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर नेण्यास आरंभ झाला होता. सर्व हिंदुस्थानातून मिळून तेथे सुमारे साडेचार लाख माणसे गेली, आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते. त्यांचे वंशज तेथे आजही आपणांस मराठी म्हणवितात. त्या बेटातील कायद्याने काय केले पाहा. पहिला करार संपलेल्या जुन्या मजुराने नवा करार न करिता तेथेच राहावयाचे म्हटले, तर १८६७ च्या कायद्याप्रमाणे त्याने आपल्या छायाचित्रासह परवाना जवळ बाळगावा, आणि तो वाटेत दाखविता आला नाही तर भटक्या म्हणून पकडले जावे! मजूर बेटात हवाच होता. मोकळा मजूर मात्र नको होता.

ही वेठ समुद्रापारची म्हणून आपल्याकडे तिच्याविरुद्ध पुष्कळ लिहिले-बोलले गेले. नामदार गोखल्यांनी १९१० मध्ये नाताळ वसाहतीकडे जाणाऱ्या करारबद्ध मजुरांची भरती बंद करण्याचा ठराव मांडला, तो सरकारने मान्य केला. १९१२ मध्ये ही पद्धतीच सर्वत्र बंद करावी असा ठराव त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात मांडला, तो फेटाळला गेला. १९१७ साली ती भरती थांबली तेव्हा गोखले हयात नव्हते. ह्या कामगिरीचे मोल यत्किंचितही कमी न करिता एक गोष्ट नमूद करणे प्राप्त आहे. ज्या बंधनाचा आपण समुद्रापार निषेध करीत होतो, त्याचा सख्खा भाऊ घरातच नांदत होता. १८५९ च्या तेराव्या कायद्याने असे ठरविले होते की, कारागीर, कामकरी किंवा मजूर ह्याने कामापोटी आगाऊ रक्कम घेतली आणि सबळ कारणावाचून काम केले नाही, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करावी. मॅजिस्ट्रेटने एकतर रक्कम परत करावयास किंवा काम पुरे करावयास लावावे, आणि तेही न झाल्यास मजुरास तीन महिनेपर्यंत सक्तमजुरीची कैद द्यावी. हा कायदा प्रथम कलकत्ता, मद्रास व मुंबई ह्या शहरांपुरता होता. पुढे तो इतरत्र लागू करण्याची मुभा प्रांतिक सरकारांस होती. शिवाय दंडसंहितेत ४९२ वे कलम होते ते निराळेच. मालकाच्या खर्चाने दूरच्या ठिकाणी नेलेला नोकर मुदतीपूर्वी काम सोडून गेला, तर त्यास एक महिन्यापर्यंत कैद किंवा प्रवासखर्चाच्या दुपटीपर्यंत दंड. म्हणजे वाणी-उदम्याचे कर्ज बुडविले तर दिवाणी दावा, आणि मजुराने उचल बुडविली तर थेट फौजदारी. एकाच देशात कर्जाच्या ह्या दोन जाती होत्या.

हे दोन्ही कायदे १९२५ मध्ये रद्द झाले आणि १९२६ च्या एप्रिलपासून मजुराच्या उचलीमागचा तुरुंग गेला. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या डिसेंबरात भंडारदऱ्याचे धरण पुरे होऊन मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. एका हाताने सरकारने मजुरीचा जुना फास सोडला, आणि दुसऱ्या हाताने ज्या पिकास जगात सर्वत्र बांधलेला मजूर लागत आला आहे त्या पिकास पाणी दिले. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनीही नसावे.

प्रवरेचे पाणी ओझरच्या बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांनी खाली आले, तशी गावची शेती पालटली. पाणी आले म्हणून लगेच ऊस होत नाही. भांडवल, खत आणि हात ह्यांची जोड लागते. भांडवल घेऊन जे आले त्यांत सासवडकडील माळी बागाईतदार होते. नीरा कालव्यावर त्यांनी उसाची विद्या कमावली होती, ती ते प्रवरा-गोदावरीवर घेऊन आले आणि खंडाने जमिनी करून राहिले. त्यांस कोणी 'परके' म्हणून अडविले नाही, हे योग्यच झाले. मग कंपन्या आल्या. हरेगावास ब्रॅडी कंपनीच्या व्यवस्थेखालील बेलापूर कंपनी आणि पुढे १९३३ साली महादेव डहाणूकर ह्यांनी स्थापिलेली टिळकनगरची महाराष्ट्र शुगर मिल्स, ह्यांनी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी खंडाने घेऊन आपले ऊसमळे उभे केले. ज्यांनी जमिनी दिल्या ते 'खंडकरी' ह्या नावाने ह्या तालुक्याच्या राजकारणात पुढे दीर्घकाळ गाजले. हातांचे काय? ते दुष्काळी तालुक्यांतून आले. कंपनीच्या मळ्यांवर चाळी उठल्या आणि त्यांतून वर्षभराचे कामगार राहू लागले.

हरेगावचा आणखी एक संदर्भ येथे दिल्यावाचून पुढे जाववत नाही. १९३९ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ह्याच हरेगावात महार वतनदारांच्या परिषदेत भाषण केले. वतन म्हणजे काय, तर गावाची पिढीजाद चाकरी. तिच्या मोबदल्यात तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुते. ह्या बंधनाने माणूस गावाशी असा जखडला जाई की, गाव सोडून जाण्याची वाटच त्यास राहत नसे. ती वतने पुढे १९५८ च्या कायद्याने संपली. आता ह्या परिषदेचे स्थळ मनात आणावे. एका बाजूस वतनाचा माणूस, ज्यास गाव सोडता येत नाही. दुसऱ्या बाजूस कारखान्याच्या मळ्यावर आलेला माणूस, ज्यास हा गाव आपला म्हणता येत नाही. पुष्कळदा ही दोन्ही माणसे एकाच कुटुंबातील असत. भूमिहीनाच्या नशिबी असलेली ही दोन टोके एका गावाच्या शिवारात भेटलेली अन्यत्र क्वचितच दिसतील.

स्वातंत्र्यानंतर लोणीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नांनी सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. ह्या प्रयोगाचे कौतुक आजवर इतके झाले आहे की त्यात आम्ही भर घालण्याचे कारण नाही. आणि ते कौतुक खोटेही नाही. कर्जबाजारी शेतकरी कारखान्याचा धनी झाला, ही लहानसहान गोष्ट नव्हे. पण सहकाराच्या घटनेत एक जागा रिकामी राहिली. ऊस पिकविणारा सभासद झाला. ऊस तोडणारा झाला नाही. तोडणी आणि वाहतूक कारखान्याने आपल्याकडे घेतली, त्यास यांत्रिक कारण होते. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातील साखर घटू लागते, म्हणून तो लवकरात लवकर गव्हाणीत पडला पाहिजे. आणि शेकडो लहान शेतकऱ्यांच्या फडांतून तो रोज ठरावीक मापाने आला नाही तर कारखाना उभा राहतो. तेव्हा तोडणीचा कार्यक्रम एका हाती हवाच. पण तो हाती घेतल्यावर तोडणारे आपल्याच तालुक्यातले का घेतले नाहीत? येथे कारखाने सांगतात की स्थानिक मजूर मिळत नाही. स्थानिक मजूर अमुक दराने, अमुक वेळी मिळत नाही, असे म्हणणे अधिक खरे होईल. गावचा मजूर दिवस मावळला की घरी जातो. घरी आजारपण निघाले तर येत नाही. दर पटला नाही तर शेजारच्या मळ्यात जातो. कोपीत उतरलेल्या माणसास रात्री दोनला गाडी भरावयास उठविता येते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन ह्यांनी दक्षिण गुजरातेतील बार्डोलीकडे ऊस तोडावयास जाणाऱ्या खानदेशी मजुरांचा अभ्यास करून नेमके हेच दाखविले आहे. स्थानिक मजूर हाताशी असूनही बाहेरचा आणला जातो, कारण बाहेरचा असणे हीच त्याची लायकी असते.

हा माणूस कोठून येतो? बीड जिल्ह्यातील पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणी इकडून. आणि नगर जिल्ह्याच्याच पाथर्डी, शेवगाव, जामखेड ह्या कोरड्या तालुक्यांतून. दसऱ्याच्या सुमारास मुकादम गावात फिरतो आणि उचल देतो. ती एका माणसास नव्हे, एका 'कोयत्या'स मिळते. आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. मजुराचे नाव त्याच्या हत्यारावरून पडावे आणि त्याचे माप जोडीदारावरून ठरावे, ही परिभाषा ज्याने बनविली त्यास हिशेब उत्तम येत असला पाहिजे. मग चार-पाच महिने पहाटेपासून तोड, मोळ्या बांधणे, डोक्यावरून गाडीत भरणे. वाढे विकून वरचे चार पैसे. आणि एक दिवस काम चुकले तर 'खाडा', म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेलीच, वर दंड उचलीत मिळविला. हंगामाअखेर हिशेब होतो. उचल फिटली नाही तर बाकी पुढील वर्षावर जाते, आणि त्या बाकीबरोबर माणूसही जातो.

१८५९ चा कायदा रद्द झाला तो हा असा. तुरुंग गेला, उचल राहिली, मॅजिस्ट्रेटच्या जागी मुकादम आला. पूर्वी निदान कारणाची चौकशी होण्याची शक्यता असे. आता मजूर पळाला तर मुकादम त्याच्या घरी जाऊन बसतो, बैल सोडून आणतो, कधी माणसेच अडकवून ठेवतो. अशा हकीकती वर्तमानपत्रांत हंगामागून हंगाम येतात. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने आगाऊ रकमेपोटी माणूस अडकवून ठेवणे हा गुन्हा ठरविला आहे, आणि कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर टाकला आहे. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात त्याचा अर्थ मजुराच्या बाजूने चांगला सैल केला. कायदा ग्रंथांत आहे. पाथर्डीच्या एस. टी. स्थानकावर मात्र कोणी तो वाचून दाखवीत नाही.

मुकादमाची बाजूही आहे, आणि ती ऐकली पाहिजे. त्यास उचल कारखान्याकडून मिळते ती त्याच्या स्वतःच्या सहीवर आणि तारणावर. दोन-दोन मुकादमांची उचल घेऊन तिसऱ्याच कारखान्यावर गेलेल्या टोळ्या काही कमी नाहीत. ट्रॅक्टरवाले त्यात बुडून जमिनी विकते झाले आहेत. लहान शेतकऱ्याची रड निराळी. त्याच्या दीड एकराच्या फडात टोळी यावी म्हणून त्यास खुशाली मोजावी लागते, आणि ती न दिल्यास ऊस वाळत उभा राहतो. हे सारे खरे आहे. आणि मजुरासही उचल हवीच असते; लग्न, दवाखाना, घरावरचे पत्रे ह्यांसाठी भाद्रपदात पन्नास हजार त्यास दुसरे कोण देणार? आमचा आक्षेप आगाऊ पैशावर नाही. ज्या देण्याची वसुली माणसाच्या शरीरातून होते, त्या देण्याच्या प्रकारावर आहे.

शरीरातून हा शब्द आम्ही अलंकारार्थाने योजलेला नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा स्त्रियांत एक. कारणे अनेक सांगितली गेली, आणि त्यांत दवाखान्यांचा लोभ हेही होते. पण फडावर ना आडोसा, ना पाणी, ना विश्रांती, आणि पाळीच्या दिवशी काम चुकले तर खाडा. अशा हिशेबात स्त्रीने आपले इंद्रिय हीच एक अडचण मानावी, ह्यात नवल ते काय?

आता कायद्याच्या त्या वेशीकडे पुनः येऊ. १९७९ साली संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा केला. त्यात ठेकेदाराचा परवाना, मजुराचे पासबुक, विस्थापनाचा भत्ता, प्रवासाचा खर्च, राहण्याची सोय, औषधपाणी असे पुष्कळ काही होते. २०२० च्या नव्या संहितेत संसदेने त्याचा समावेश केला. कायद्याचा आत्मा एका शब्दात आहे : 'आंतरराज्य'. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, हे पुष्कळांनी कौतुकाने पाहिले असेल. नंदुरबारकडील मजूर ती रेषा ओलांडून बार्डोलीस गेला की तो कायद्याच्या दृष्टीने स्थलांतरित ठरतो. पाटोद्याचा मजूर त्याहून लांबची मजल मारून श्रीरामपूरच्या शिवारात कोपी घालतो, तेव्हा तो कोणीच ठरत नाही. तो आपल्याच राज्यात असतो! राज्याच्या सीमेस कायद्याने एवढे महत्त्व द्यावे आणि भुकेच्या सीमेस काहीच देऊ नये, हे सुलभ खरे. न्याय्य म्हणता येत नाही.

अमेरिकेची गोष्ट आरंभी काढली होती ती ह्यासाठीच. १९४२ ते १९६४ पर्यंत तो देश मेक्सिकोतून 'ब्रासेरो' मजूर नेत होता. ब्रासेरो म्हणजे हातांनी राबणारा. आमचा 'कोयता' त्याचाच चुलतभाऊ. पहिल्या काही वर्षांत त्यांच्या मजुरीतून दहा टक्के कापून ठेवीत, परत गेल्यावर देऊ म्हणून. कित्येकांस ती रक्कम कधीच मिळाली नाही. आपल्याकडे पैसा आधी देऊन माणूस बांधतात, तेथे मागून देऊ म्हणून बांधला, गाठ तीच. १९४३ पासून फ्लॉरिडाच्या उसात जमेकासारख्या बेटांतले तोडकरी परवान्यावर येत. परवाना एका मालकापुरता असल्याने काम सोडणे म्हणजे देश सोडणे. मजुरीच्या हिशेबावरून त्या तोडकऱ्यांचे दावे उभे राहिले, आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत तेथे तोडणीयंत्रे आली. ऑस्ट्रेलियाने तर पॅसिफिक बेटांतून १८६३ ते १९०४ पर्यंत सुमारे ६२,००० माणसे मुख्यतः क्वीन्सलँडच्या उसासाठी आणली आणि १९०१ च्या कायद्याने उरलेल्यांपैकी बहुतेकांची परत रवानगी केली. साखर गोड खरी. पण तिच्या इतिहासाची चव जगभर एकच लागते. आमच्याकडेही आता तोडणीयंत्रे येत आहेत. फडातील कोयता यंत्राने घेतला म्हणजे प्रश्न मिटला, असे मानणारे आहेत. पाटोद्यास उसाशिवाय दुसरे काय आहे, हे त्यांनी पाहिलेले नसते.

सर्वच काळेकुट्ट आहे असे नव्हे. पाथर्डीचे बबनराव ढाकणे आणि बीडचे गोपीनाथ मुंडे ह्यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी ह्या मजुरांची संघटना बांधली. संपाच्या जोरावर कारखान्यांच्या संघाशी ठराविक वर्षांचे करार होऊ लागले, आणि जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. मुंड्यांच्या नावाने कल्याण महामंडळही झाले. अलीकडे ग्रामसेवकामार्फत मजुरांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्याचेही ठरले आहे. ह्या ओळखपत्राकडे पाहताना आम्हांस मॉरिशसचा तो छायाचित्राचा परवाना आठवतो. हेतू मात्र अगदी उलटा, हे कबूल केले पाहिजे. तो पकडण्यासाठी होता, हे देण्यासाठी आहे. पण ते मिळते मजुराच्या मूळ गावी. ज्या गावात तो कार्तिकापासून चैत्रापर्यंत राहतो, ज्या गावच्या विहिरीवर त्याची बायको पाणी मागते, त्या गावच्या दप्तरात त्याची नोंद कोठेच नसते.

जे येऊन राहिले, त्यांचे काय झाले? ह्याचेही उत्तर श्रीरामपूर तालुक्यातच आहे. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने कंपन्यांचे मळे गेले, आणि १९६३ साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे हरेगाव, टिळकनगर येथील त्या जमिनी आल्या. मळ्यांवरील चाळींत राहणारा कामगार तेथेच राहिला; धनी तेवढा बदलला. खंडकऱ्यांनी आपल्या जमिनी परत मिळाव्यात म्हणून लढा दिला, तो रास्त होता, आणि कायद्यात दुरुस्ती होऊन २०१२ पासून त्यांच्या वारसांस जमिनी मिळू लागल्या. त्यांच्याजवळ सात-बाराचा उतारा होता, आज्याच्या सहीचा खंडपत्राचा कागद होता. चाळीतल्या कामगाराच्या आज्याने ह्याच मळ्याचे पाट काढले होते, बेणे लावले होते, ऊस तोडला होता. त्याचा कागद कोणी केला नव्हता. तेव्हा जमिनीची वाटणी चालू झाल्यावर तो महामंडळाकडे थकलेले वेतन आणि घरापुरती जागा मागू लागला, आणि त्यासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढीत राहिला. मागणी शेताची नव्हती. दोन-तीन पिढ्या जेथे काढल्या तेथल्या चार भिंतींखालच्या जमिनीची होती.